आत्याच्या बॅटरीची परीक्षा

प्रयोगशाळेत त्याला सगळे काटेकोर म्हणायचे. चहातली साखरही तो चमचा सपाट करून घालायचा. त्याची आत्या बॅटरीवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्चीतून कोपऱ्यावरच्या दुकानात जायची आणि परतताना खुर्ची हटकून रस्त्यात मान टाकायची. बॅटरी मेलीय, नवी आण, असं तिने बजावलं. पण मोजल्याशिवाय मान्य करील तर तो काटेकोर कसला! खोट चार्जरमध्येही असू शकते, असं म्हणत त्याने बॅटरी उचलून नेली. खुर्ची घरी, आत्या खिडकीशी.

प्रयोगशाळेतलं यंत्र बॅटरीतून ठरलेलाच प्रवाह ओढायचं, केसभर कमी नाही की जास्त नाही. व्होल्टेज ठरल्या पातळीला उतरलं की आपोआप थांबायचं, कारण त्याखाली गेलेली बॅटरी कामातून जाते. प्रयोगशाळेच्या चार्जरवर पूर्ण भरलेली बॅटरी किती वेळ टिकते, त्यावरून दोषी कोण ते ठरणार होतं.

पहिल्यांदा चिमटा निसटला. मग वीज गेली. नंतर शेजारच्या विभागाने यंत्रच पळवलं. आत्याचे फोन चालूच. एवढ्या वेळात पोरं कॉलेज पास होतात, असंही ऐकवून झालं.

यंत्र परत आलं आणि गाडी रुळावर आली. बॅटरी टिकली, टिकतच राहिली. म्हणजे चोर चार्जरच! तेवढ्यात साहेबांनी बैठकीला बोलावलं. जोडलेली बॅटरी एकटी सोडायची नाही, हा काटेकोरचा नियम. त्याने बंदचं बटण दाबलं, म्हणजे तारा सुटल्या असं धरून तो निर्धास्त गेला.

पण शेजाऱ्यांनी यंत्राची मांडणी बदलली होती. आता बंद केलं की ते तारा सोडत नव्हतं, व्होल्टेज शून्यावर येईपर्यंत बॅटरी उपसत बसत होतं, आणि ठरल्या पातळीला थांबवणारा पहारा तेवढा उठलेला. साहेबांची बैठक म्हणजे मारुतीचं शेपूट. तो परतला तेव्हा बॅटरी तळाला गेली होती. चार्जला लावली, पण ती काही घेईना.

घरी येऊन त्याने मान खाली घालून सांगितलं, "बॅटरी गेली."

"मग मी काय सांगत होते?"

"अगं, चांगली होती ती. मी मारली. खोट चार्जरमध्ये आहे."

"मेल्यावर सगळेच चांगले असतात. नवी कधी आणतोस?"

नवी आणतोच, पण आधी चार्जर तपासायला नेतो, असं म्हणत त्याने हात पुढे केला. आत्याने चार्जर उचलून मांडीवर घेतला आणि त्यावर पदर ओढला.

"याला हात लावायचा नाही. अजून जिवंत आहे तो."