समईचं तेल

हिंगोलीच्या बाजारात शिलाई मशीन दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. पायपेट्याही तेच दुरुस्त करतात. बोलताना ते माणसाकडे पाहत नाहीत, समोरच्या वस्तूकडे पाहतात.

पुसेगावच्या आमच्या देवळात पायपेटी मी वाजवतो. एकदा पट्ट्या दाबल्या की वर येईनात आणि संध्याकाळी तर भजन होतं. देवळाच्या अध्यक्षांसोबत मी पेटी घेऊन गेलो. चाचांनी एक पट्टी काढून हुंगली.

"हे समईचं तेल हाय."

"देवाचंच तेल हाय, त्यानं काय बिघडतंय?" अध्यक्ष म्हणाले. "वरून जरा मशीनचं तेल सोडा अन् मोकळं करा."

"मशीनचं तेल पायाखालच्या फळीला. तिच्या बिजागरीत एक थेंब, बस. पट्टीच्या लाकडाला तेल न्हाई. लाकूड फुगतंय, धूळ धरतंय. तिथं पेन्सिलीचं शिसं घासायचं."

"तेवढा वेळ न्हाई. आमी सांगून राहिलो ना, तेल सोडा."

"मग पेटी उचला."

चाचा खालच्या आवाजातच बोलले, पण अध्यक्षांनी तेलाचा हट्ट सोडला. मग त्यांचा राग दुसरीकडं वळला. "पट्ट्यांत तेल घातलं कुणी, तेवढं तरी सांगा."

चाचांनी माझ्या तेलकट बोटांकडे पाहिलं.

"पेटी दुरुस्त करणं माझं काम हाय. चुगली न्हाई."

सगळ्या पट्ट्या काढून त्यांनी पुसल्या. मग पेन्सिल माझ्या हातात दिली आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"घासा," म्हणाले.