जिना लोखंडी होता

नाव पुकारलं म्हणून विंगेतून स्टेजवर आले, तर माझे आप्पा खाली जमिनीवर बसलेले. पुढ्यात बांबूच्या कांब्या. सूप विणत होते. पाहुणे खुर्च्यांवर. मलाही खुर्ची.

बेळगावात माझा सत्कार होता. आमच्या नाटकाला स्पर्धेत नेपथ्याचं पहिलं बक्षीस मिळालं होतं, ते माझं.

आम्ही बुरूड. निपाणीत आप्पांनी जन्मभर सुपं, पाट्या विणल्या. सत्कार बघायला मीच त्यांना बोलावलं होतं. इस्त्रीचा सदरा घालून आलते. नाटकाच्या दिग्दर्शकांनी त्यांना मला न सांगता परस्पर आत नेलं. "लेकीसाठी एवढं कराच," म्हणाले. लेकीचं नाव काढल्यावर आप्पा काय बोलणार?

दिग्दर्शक, म्हणजे आमचे सर, शहरातल्या जुन्या वकील घराण्यातले. माईकवर म्हणाले, "हिला शिकावं लागलंच नाही. बांबूची कला हिच्या रक्तातच आहे."

टाळ्या.

त्या नाटकात बांबूची एक कांबी नव्हती. लोखंडी जिना होता, वर वर अरुंद होत जाणारा. पुण्यात राहून नेपथ्य शिकले, तेव्हा तो कागदावर काढता आला. उद्यमबागेतल्या वर्कशॉपात उभी राहून वेल्डिंग करून घेतलं. हातावर ठिणग्यांचे डाग आहेत अजून. सरांना हे सगळं ठाऊक होतं. तालमीत त्याच जिन्यावर उभं राहून त्यांनी मला शाबासकी दिली होती. तरी रक्त.

आप्पांनी वर बघितलं. हसले. कायतरी चुकलंय हे कळल्यावर माणूस हसतो तसं. मला ते सोसलं नाही.

"आप्पा, उठा."

"ऱ्हाऊ दे गं. लोक बघायल्यात."

"बघू देत."

सर हळूच म्हणाले, "अगं, हा त्यांचा सन्मान आहे."

मी माईक घेतला. "सर, तुमचे वडील वकील. तुमच्या सत्काराला त्यांना इथं खाली बसवून अर्ज लिहायला लावाल?"

मागून एक आवाज आला, "बक्षीस डोक्यात गेलं हिच्या."

बक्षीस टेबलावरच ठेवलं. आप्पांचा हात धरून बाहेर पडले. बसमध्ये ते एवढंच म्हणाले, "आता तुला काम कोण दील?"

खरंच, सरांच्या नाट्यसंस्थेनं पुन्हा बोलावलं नाही. आणखी दोन दिग्दर्शकांनी माझे फोन उचलणं सोडलं. रात रात झोप लागत नाही. तरी माफी मागायला गेले नाही. जाणारही नाही.

माझी जात मी सांगीन. मला वाटेल तिथं, माझ्या तोंडानं. दुसऱ्या कुणाला ती स्टेजवर मांडू देणार नाही.