ऑटोमारचा उजवा हात

“पिस्तुलाला बोलता येत नाही, म्हणून मला पगार मिळतो,” ऑटोमार क्यून एकदा बिअर पिता पिता म्हणाला होता.

थुरिंगियाच्या जंगलातल्या त्या गावात बंदुकांचेच कारखाने होते, आणि त्या वर्षी त्यांतले निम्मे बंद. उरलेल्यांपैकी एकात ऑटोमार नव्या पिस्तुलांतून गोळ्या झाडून ती पारखायचा. मालकांची सगळी भिस्त आता नेमबाजीच्या एका नव्या पिस्तुलावर होती. बुडाच्या कडेवर ठोका बसला की उडणारी बारकी काडतुसं, लांब नळी, अक्रोडाची मूठ. मूठ कोरली होती ऑटोमारच्या बायकोच्या भावानं, गॉटहोल्डनं.

ऑटोमारच्या हातून सगळ्या गोळ्या निशाणाच्या काळ्या वर्तुळात गेल्या. पिस्तूल क्लबच्या नेमबाजांकडे गेलं आणि आठवड्यात परत आलं. प्रत्येकाची गोळी खाली, डावीकडे.

व्यवस्थापक ब्रॉयनिंगनी पिस्तूल शिकंज्यात आवळून गोळ्या झाडून पाहिल्या. नळी निर्दोष.

“म्हणजे मूठच वाकडी. गॉटहोल्ड, शनिवारनंतर येऊ नका.”

“साहेब, ऑटोमारच्या हातात बसते की!”

“त्याच्या हातात खराट्याचा दांडा दिला तरी बसेल.”

सगळे हसले. ऑटोमारही हसला. पण ते वाक्य त्याच्या मनातून जाईना. त्यानं पुन्हा पिस्तूल उचललं आणि निशाण सोडून स्वतःच्या मनगटाकडे पाहत चाप ओढला. शेवटच्या क्षणी चाप अडखळला, आणि मनगट केसभर वर, उजवीकडे सरकलं. त्यानं हाताला तसं सांगितलं नव्हतं. पुन्हा ओढला, मुद्दाम ताठ धरून. मनगट सरकलंच. आपल्याच खांद्याला दुसऱ्या कुणाचा तरी हात लावलाय, असं त्याला वाटलं.

“दोष चापात आहे,” तो गॉटहोल्डला म्हणाला. “माझा हात तो झाकतोय.”

“मग गप्प बस, बाबा. हे बोललास तर तुझा हात कुणाला हवाय? दोघंही घरी बसलो तर माझी बहीण चुलीवर काय चढवेल?”

शनिवारी ऑटोमारनं ब्रॉयनिंगना गोळीबाराच्या खोलीत बोलावलं. कोरलेली मूठ काढून साध्या सपाट फळ्या बसवल्या आणि पिस्तूल डाव्या हातात घेतलं.

“हे काय सोंग, क्यून?”

“या हाताला काही येत नाही, साहेब.”

पाच गोळ्या. पाचही खाली, पण उजवीकडे.

ब्रॉयनिंग कागदाजवळ गेले. “मूठ नाही, तरी खाली. हात बदलला तशी बाजू बदलली. बोट चापाशी झगडतंय. गॉटहोल्डला सांगा, सोमवारी या म्हणावं.”

“सांगतो.”

“आणि क्यून, तुम्ही आजवर पास केलेली पिस्तुलं? त्यांतल्या किती ठिकाणी तुमचा हात मध्ये आला असेल?”

ऑटोमारनं उजव्या हाताची बोटं उघडली, मिटली. दारात गॉटहोल्ड येऊन उभा होता, त्याच्याकडे पाहायचं ऑटोमारचं धाडस झालं नाही. त्यानं पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवलं, खुंटीवरचा कोट काढला आणि मेहुण्याच्या बाजूनं अंग चोरून बाहेर पडला.