चांगल्या नवऱ्यांच्या गोष्टी

"नवरा चांगला आहे, हे विसरू नका."

गोष्ट सुरू करायच्या आधी ती हे वाक्य हटकून म्हणायची. म्हणताना चष्मा काढायचा, ओढणीच्या टोकाने पुसायचा आणि परत डोळ्यांवर चढवायचा. चष्मा आधीच लख्ख असायचा. आम्ही बायका एकमेकींकडे बघून हसायचो, कारण वाक्य आम्हाला पाठ झालं होतं. कोणीतरी म्हणायचीच, "मॅडम, एखादा वाईट नवरा आणा की! जरा तोंडी लावायला."

"ह्या लेखिकेच्या गोष्टीत वाईट नवरा नाहीच," ती म्हणायची. "म्हणून तर भीती वाटते."

टोकियोतल्या निशी-कसाईत आम्ही मराठी बायका दर गुरुवारी दुपारी कम्युनिटी हॉलची वरची खोली घेऊन जमतो. सुरुवातीला योगासनं होती. मग योगासनांचा कंटाळा आला आणि नुसताच चहा उरला. त्या चहात ही येऊन बसली. कोल्हापुरात कॉलेजात इंग्रजी शिकवायची. नवऱ्याला इथे काम मिळालं तशी नोकरी सोडून त्याच्यामागे आली. शिकवायची सवय सुटली नव्हती, म्हणून आम्ही तिला मॅडम म्हणू लागलो. मी वयाने बरीच मोठी, त्यामुळे मी म्हणायचे ते चेष्टेने. ती मला ताई म्हणायची.

तिची लेखिका होती शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची अमेरिकेतली एक बाई. बाईलाही स्वतःचं मन असतं हे त्या काळात छापून आणायचं म्हणजे गावाच्या तोंडी लागणंच. मॅडमने तिच्यावर प्रबंध लिहिला होता. त्या लेखिकेचं नाव मी सांगणार नाही. ते सांगितलं तर मॅडमचं नाव शोधायला कोणाला वेळ लागणार नाही, आणि ते मला नको आहे.

पुस्तक इंग्रजी, पण मॅडम सांगायची मराठीत, आणि अशी सांगायची की ती अमेरिकन बाई आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहत असावी. लेखिकेला नवरा होता, मुलं होती, मोठं स्वयंपाकघर होतं. घरातले सगळे झोपेतून उठायच्या आत ती ओट्याशी उभ्या उभ्या लिहायची. कोणी आलं की कागद पिठाच्या डब्यात. छापून आलं तेव्हा गावातल्या बायकांनी तिच्याकडे जाणं बंद केलं. "पुरुषांनी नव्हे हं, बायकांनी," असं मॅडम बोट उचलून सांगायची. "एवढा चांगला नवरा असताना हिला असलं सुचतं कसं, म्हणून."

मॅडमचा नवराही चांगला होता. अख्ख्या वसाहतीत त्याच्याएवढा चांगला नवरा नाही यावर आमचं एकमत होतं. इथला कचरा म्हणजे काय असतं ते ज्याने टाकलाय त्यालाच कळेल: जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्यांची बुचंसुद्धा वेगळी. आमच्या घरोघरचे पुरुष त्या पिशव्यांकडे परग्रहावरची वस्तू असल्यासारखे बघतात. हा रोज सकाळी निवडलेला कचरा स्वतः खाली घेऊन जायचा. घरून काम करायचा, त्यामुळे किराणा तोच आणायचा. गुरुवारी तिला हॉलपर्यंत सोडायला आणि न्यायलाही तोच. पावसाची शंका आली तर हातात तिची जांभळी छत्री.

"नशीब काढलं बाई हिने," आम्ही म्हणायचो. माझा नवरा जपानी. मी काय खाते, काय पिते हे इतक्या वर्षांनी अजून त्याच्या ध्यानात राहत नाही. मीही तेव्हा त्याला मॅडमच्या नवऱ्याचं उदाहरण देत असे. तो "हं" म्हणायचा.

एका गुरुवारी तिने जी गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यातून जात नाही. घरी पाहुणे येतात. बायकोला विचारतात, चहात साखर किती? नवरा प्रेमाने सांगतो, एक चमचा. तुम्हाला थंडी वाजते का? नवरा सांगतो, तिला चालते. गोष्ट अशीच हळूहळू पुढे सरकते, कुठे भांडण नाही, आवाज चढत नाही. शेवटी बायको आजारी पडते आणि डॉक्टर तिला तिचं नाव विचारतात. तेही नवराच सांगतो. इथे गोष्ट संपते.

आम्ही हसलो. एकजण म्हणाली, "एवढंच?" मॅडम चष्मा पुसत राहिली.

त्यानंतर लगेचच गणपती आले. आम्ही सगळे मिळून हॉलमध्ये बसवतो. पंगतीत मी वाढत होते. मॅडमपाशी आले आणि विचारलं, "भात वाढू?"

"तिला भात नको," शेजारून तो म्हणाला. "तिला जड होतो." अगदी गोड आवाजात, हसून.

मी म्हटलं, "मग वरण तरी?"

"अर्धी वाटी," तोच म्हणाला.

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझा डाव हातातच राहिला. मागून कोणी "ताई, इकडे वरण" म्हणून हाका मारत होतं, त्या मला ऐकू येऊनही कळत नव्हत्या. मग मला एकेक दिसत गेलं. ही कधी एकटी दुकानात दिसली नव्हती, स्टेशनवर तर नाहीच. खाली कचरा टाकायलाही नाही. इथे परदेशी माणसाला आपलं रहिवासी कार्ड सतत जवळ ठेवावं लागतं, मुलंसुद्धा पाठ असल्यासारखं सांगतात. हिचं कार्ड एकदा हॉलच्या नोंदणीला लागलं, तेव्हा ते त्याच्या पाकिटातून निघालं होतं. "ती हरवते," तो म्हणाला होता, आणि आम्ही कौतुकाने माना डोलावल्या होत्या.

पुढच्या गुरुवारी चहाचा कप देताना मी हळूच विचारलं, "तू बरी आहेस ना गं?"

तो दाराबाहेरच्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसला होता. दार उघडं होतं.

"आज गोष्ट नाही," ती मोठ्याने सगळ्यांना म्हणाली. "आज लेखिकेचंच सांगते. ती घरातून निघून गेली ते." आणि सांगू लागली. लेखिकेला नवऱ्याने कधी हात लावला नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त तिला कुठे जायचं असेल तर तो बरोबर यायचा. एके दिवशी ती भर दुपारी उघड्या दाराने निघाली. कोणी अडवलं नाही, कारण तिच्या हातात शेजारणीचं रिकामं भांडं होतं. भांडं परत द्यायला निघालेल्या बाईला कोण अडवणार?

"आपल्याकडे नाही जमायचं," मी म्हटलं. "आपण रिकामं भांडं परत करत नाही."

"हो ना," मॅडम माझ्याकडे बघत म्हणाली. "आपल्याला आत काहीतरी घालावं लागेल."

बाकीच्या हसल्या. मी मनातल्या मनात घरातले डबे आठवू लागले.

त्या दिवशी तो तिला न्यायला उठला तेव्हा मी पुढे होऊन एक स्टीलचा डबा त्याच्याच हातात ठेवला. बेसनाचे लाडू. म्हटलं, "तुमच्यासाठी खास. डबा मात्र हिच्याकडून परत हवा हं, हिच्या हातचं काहीतरी घालून." तो लाजला आणि खूश झाला. दरम्यान मी वॉर्ड ऑफिसात जाऊन बायकांच्या मदतीसाठी असलेल्या खिडकीवर बोलून ठेवलं. तिथल्या बाईंनी फार विचारलं नाही. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

एका सकाळी ती माझ्या दारात उभी. पायात घरातल्या सपाता, हातात डबा. फोन नव्हता. तो तिने ओट्यावर मुद्दाम ठेवला होता, कारण फोन जिथे जाईल तिथे नवरा तिला बघू शकायचा. आत आली आणि तशीच खाली बसली.

"तो आंघोळीला गेला तेव्हा काढलं," म्हणाली. "निघताना बाहेर आला. म्हणाला, बघू काय केलंस. त्याने झाकण उघडलं, ताई."

"मग?"

"एक शंकरपाळी खाल्ली. म्हणाला, छान झालीत. साखर थोडी जास्त आहे."

मी डबा परातीत उपडा केला. शंकरपाळ्यांच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला तिचा पासपोर्ट आणि कार्ड. ती रडली नाही. दोन्ही हातांनी ते कार्ड धरून त्यावरचं आपलं नाव वाचत बसली. मलाच रडू आलं.

माझे बूट घालून ती गेली. मी तिला वॉर्ड ऑफिसच्या त्या बाईंपर्यंत पोचवलं आणि तिथून मागे फिरले. पुढे तिला कुठे नेलं हे मी विचारलं नाही. मला माहीत नसलेलंच बरं.

घरी येऊन कोट काढते तोच बेल वाजली. तो होता, केस नीट विंचरलेले.

"ताई, ती आलीय का?"

"डबा देऊन गेली की मघाशीच," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

तो माझ्या खांद्यावरून आत बघत नव्हता. खाली, दाराशी मांडलेल्या चपला-बुटांकडे बघत होता. तिच्या सपाता मी आधीच बुटांच्या कपाटात कोंबल्या होत्या. बराच वेळ बघून तो म्हणाला, "तिच्या सपाता पातळ आहेत. पाय गार पडतील तिचे." आणि वाकून नमस्कार करून गेला.

ह्याला आता बरेच महिने झाले. वसाहतीत सगळे त्याच्याबद्दल हळहळतात. बायका त्याला डबे पाठवतात आणि तो कोणाचाही डबा रिकामा परत करत नाही. मॅडमला नावं ठेवणाऱ्याही आहेत, बायकाच.

तिचं पुस्तक हॉलच्या कपाटात राहिलं होतं. गुरुवार बंद पडू नये म्हणून माझ्या मोडक्या इंग्रजीत मीच आता वाचून सांगते. पहिल्याच गुरुवारी दार ढकलून तो आत आला. "तुमचं चालू द्या," म्हणाला. "तिला काय आवडायचं ते मलाही ऐकू दे." तेव्हापासून दर गुरुवारी येतो. दारालगतच्या खुर्चीवर बसतो, गुडघ्यांवर जांभळी छत्री आडवी ठेवून, आणि आम्हा एकेकीच्या चेहऱ्याकडे पाळीपाळीने बघतो. माझ्याकडे जरा जास्त वेळ.

तरी मी चष्मा काढते, पुसते, परत घालते आणि पुस्तक उघडते.

"नवरा चांगला आहे," मी म्हणते, "हे विसरू नका."

दाराशी बसलेला तो हसून मान डोलावतो.