पाटी बघून उघडलेलं खातं

माझा मामा दुकानांच्या पाट्या रंगवतो. बचत खातं उघडायचं ठरलं, तेव्हा मामीने चार बँकांचे व्याजदर कागदावर लिहून आणले. मामाने त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तीन बँकांच्या पाट्या छापील प्लास्टिकच्या, चौथीची त्याने स्वतः रंगवलेली. त्यातलं 'तत्पर सेवा' तर झकास जमलं होतं. खातं तिथेच उघडलं. व्याज सगळ्यात कमी.

पहिल्यांदाच पैसे काढायला गेला, तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "सही जुळत नाही. साहेबांना भेटा."

आयुष्यभर अक्षरं काढून पोट भरणाऱ्याची सही जुळेना. साहेब म्हणाले, "जेवणाची सुट्टी आहे. अर्ध्या तासाने या."

मामा अकराला गेला, दोनला गेला, चारला गेला. सुट्टी काही संपेना. एवढं जेवूनही साहेब आपले काडीसारखेच.

दुसऱ्या दिवशी मामाने बँकेच्या दारावर शिडी लावली आणि पाटीवरचं 'तत्पर' खरवडायला घेतलं. साहेब खुर्ची सोडून पळत बाहेर आले.

"अहो, हे काय चाललंय?"

मामाने शिडीवरच बूड टेकलं आणि डबा उघडला.

"जेवणाची सुट्टी आहे. अर्ध्या तासाने या."