नासीरभाईंनी अडवलेला लाल रंग

नासीरभाई गेले.
आज सकाळी, काळेवाडीत, राहत्या घरी.

चाकणच्या आमच्या पेंट कंपनीत ते टेस्टिंग लॅबचे इन्चार्ज होते. मी लातूरहून आलेली फ्रेशर.

रंग उन्हात किती टिकेल हे आधीच कसं ओळखायचं, ते मला त्यांनी शिकवलं. रंगवलेले पत्रे मशीनमध्ये लावायचे. आत यूव्हीचे दिवे, मग दमट हवा, परत दिवे. बाहेर काही वर्षांत जे व्हायचं, ते काही आठवड्यांत दिसतं.

एकदा बाईकच्या टाकीसाठी नवा लाल रंग आला. मशीनमध्ये आरामात पास झाला. रिपोर्ट मीच टाइप केला. नासीरभाईंची सही तेवढी बाकी होती.

ते मला टेरेसवर घेऊन गेले.

त्याच लाल रंगाचे पत्रे त्यांनी उन्हाळाभर तिथे ठेवले होते. तुलनेसाठी पट्टीखाली झाकलेला भाग लालभडक.
बाकीचा चक्क गुलाबी.

"भाई, मशीन चुकलं?"

"मशीन नाही चुकलं बेटा. आपण त्याला अर्धंच विचारलं. त्या दिव्यांत फक्त यूव्ही आहे. हा लाल साध्या उजेडातही उडतोय."

मीटिंगमध्ये प्लांट हेड वैतागले. "कस्टमरला तारीख दिलीय. रिपोर्ट पास आहे ना? मग सही करा."

"रिपोर्ट पास आहे सर, रंग नाही. झेनॉन दिव्याच्या मशीनमध्ये लावू. त्याचा उजेड उन्हासारखा असतो. तोवर मी सही करणार नाही."

"आणि ऑर्डर गेली तर?"

"तर माझं नाव सांगा."

आवाज जराही चढला नाही. मी मात्र मान खाली घालून बसले होते. वाटलं, यांची नोकरी गेली.

झेनॉनमध्ये तो लाल उतरला. टेरेसवरच्यासारखाच.

पिगमेंट बदललं, सगळ्या टेस्ट नव्याने झाल्या. माल उशिरा गेला, पण ऑर्डर टिकली.

प्लांट हेड स्वतः लॅबमध्ये आले. "नासीरभाई, वाचवलंत राव."

भाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "रीडिंग सगळी हिने घेतलीत. रिपोर्टवर हिचं नाव टाकतोय."

कंपनीच्या कागदावर माझं नाव पहिल्यांदा आलं ते असं.

आज ती लॅब मी सांभाळते. घाई करणाऱ्या माणसाला शांतपणे 'नाही' म्हणता येतं मला. ते त्यांच्याकडूनच आलंय.

नासीरभाई, लॅबमधल्या आम्हा सगळ्यांचा तुम्हाला शेवटचा सलाम.