कुलूप लावलेल्या वॉर्डाचा आकडा

२०२० च्या टाळेबंदीत, दुसऱ्या महिन्यातल्या एका मंगळवारी, संध्याकाळी पाच वाजून सहा मिनिटांनी मी नांदेडहून लातूरच्या एका खासगी बाल रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात फोन केला. एका बाईने तो उचलला. विभागात एक मुलगी दाखल आहे, असं तिने सांगितलं. त्या वेळी विभागात कुणीच नव्हतं. नऊ दिवसांपासून त्याला बाहेरून कुलूप होतं.

या सदरात येणारे अनुभव मी वाचतो, मानत नाही. वीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली. पिंडीला घाम फुटला, पडक्या विहिरीतून हाका येतात – असल्या बातम्या तालुक्यातून यायच्या आणि मी त्या काढून टाकायचो. डेस्कवर एक शब्द शिकलो – दुजोरा. दुजोरा नाही तर बातमी नाही. हे लिहितानाही ज्याला दुजोरा आहे तेवढंच लिहितोय. बाकीचं काय ते माझं मलाच कळलेलं नाही.

तेव्हा मी नांदेड-लातूरच्या पानांचं काम बघत होतो. आठ जणांच्या डेस्कवर मी एकटा उरलो होतो, बाकीचे घरून काम करत होते. बायको आणि मुलगी उमरीला, सासुरवाडीत अडकल्या होत्या. अंतर फार नाही, पण मी रोज रुग्णालयांच्या दारात उभा राहत होतो, म्हणून गेलो नाही. दिवसभर कार्यालयात पंख्याचा आवाज आणि समोर सात रिकाम्या खुर्च्या.

त्या काळात सगळ्या बातम्या मोठ्यांच्या होत्या. मुलांचं काय चाललंय म्हणून मी नांदेडच्या आणि लातूरच्या प्रत्येकी एका बाल रुग्णालयात विचारलं. दोन्हीकडे उत्तर सारखंच. मुलांचे आयसीयू ओस पडले होते. शाळा बंद, म्हणून एकमेकांचा खोकला-ताप नाही. रस्ते बंद, म्हणून अपघात नाहीत.

"चांगली बातमी आहे की मग," मी लातूरच्या डॉक्टरांना म्हणालो.

"अर्धी," ते म्हणाले. "न्यूमोनिया घटला, मान्य. पण झटके येणारी, साखरेची, साप चावलेली मुलं... ती कुठं गेली? टाळेबंदीला घाबरून साप बिळात बसले का? ती मुलं घरात आहेत. आणि घरचे वाट बघतायत."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. मग रोज संध्याकाळी पाचला दोन्हीकडे फोन करायचा, दाखल मुलांचा आकडा घ्यायचा आणि आतल्या पानावर छोटी चौकट द्यायची, असं ठरलं.

लातूरला सुरुवातीला सुनीता सिस्टर फोन घ्यायच्या, मूळच्या कंधारच्या. एका सोमवारी आवाज बदलला. वयस्कर, सावकाश बोलणारी बाई. सुनीता सिस्टर सुट्टीवर गेल्या असतील, असं मी धरून चाललो. नाव विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

"आजचा आकडा?"

"शून्य, साहेब." मग – "जेवलात का?"

"नाही अजून."

"खाऊन घ्या काहीतरी. एकटा माणूस जेवायचं टाळतो."

मी एकटा आहे हे तिला कुणी सांगितलं, असा प्रश्न तेव्हा पडला नाही. आठ दिवस असंच चाललं. शून्य, आणि जेवलात का. त्या आठ दिवसांत हा प्रश्न मला दुसऱ्या कुणी विचारला नाही. बायकोशी बोलणं व्हायचं ते मुलीचा ताप, सॅनिटायझर, दूध मिळालं का, याबद्दल. पाच वाजायची मी वाट बघायला लागलो होतो, हेही खरं आहे.

नवव्या दिवशी, म्हणजे त्या मंगळवारी, ती म्हणाली, "आज एक हाय, साहेब. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. वही अजून माझ्याकडे आहे. 'मुलगी, ७ वर्षे, जळकोट तालुका. वडिलांचं फाट्यावर पंक्चरचं दुकान. बेड ३.'

"काय झालंय?"

"साखर. घरचे कोरोना समजले. तीन दिवस पडद्याआड ठेवली. लई उशीर केला."

"आता कशी आहे?"

लाइन चालू होती, त्या बाईचा श्वास ऐकू येत होता.

"ते उद्या विचारा," ती म्हणाली आणि फोन ठेवला. त्या दिवशी जेवणाचं विचारलं नाही.

आता माझी चूक सांगतो. आमच्याकडे नियम असा, की आधी डॉक्टरांचा दुजोरा, मग नातेवाइकांची प्रतिक्रिया. मी डॉक्टरांना फोन केला. ते कोविड वॉर्डात होते, अंगावर किट, मोबाइल बाहेर. पान सातला सुटायचं होतं. आणि त्या बाईचा आकडा आठ दिवसांत एकदाही चुकला नव्हता. मी क्रम उलटा केला. जळकोटच्या आमच्या वार्ताहराला आधी फोन लावला.

मन्मथअप्पा. जळकोटला स्टेशनरीचं दुकान आणि वीस वर्षांची वार्ताहरकी. फाट्यावरचा पंक्चरवाला म्हटल्याबरोबर ते म्हणाले, "दत्ता? वळखतो की. माझ्या गाडीची ट्यूब तीनदा फाडलीय भाड्यानं. काय झालं त्याला?"

"त्याची मुलगी लातूरला ॲडमिट आहे. घरच्यांची चार वाक्यं पाहिजेत. फोनवर घ्या, जाऊ नका."

"त्याचा नंबर कुठंय माझ्याकडं? चार किलोमीटर तर हाय. जातो. पास हाय, गाडीवर 'प्रेस' लिहिलंय. पोलिसाला दाखवायचं तरी कधी ते?"

पावणेसहाला डॉक्टरांचा फोन आला. मी दुजोरा मागितला.

"कुठली मुलगी?" ते म्हणाले. "आमच्याकडे कुणी नाही. वॉर्डच बंद आहे. मागच्या आठवड्यात, सोमवारी कुलूप घातलं. स्टाफ कोविडला दिला. तुम्हाला कळवायचं राहून गेलं, सॉरी."

"मग रोज फोन कोण घेतं?"

"कुठला फोन?"

मी नंबर वाचून दाखवला. तो वॉर्डातल्याच लँडलाइनचा होता. किल्ली त्यांच्या टेबलाच्या खणात होती. त्यांनी खण उघडून बघितला. होती.

एवढ्यात दुसऱ्या मोबाइलवर अप्पांचा फोन आला. मी बातमी रद्द म्हणून सांगायला उचलला. अप्पा कुजबुजत होते.

"साहेब, तुमचं डेस्क झोपलंय का काय? पोरगी लातूरला न्हाई. घरातच हाय."

तिथे काय झालं ते अप्पांनी नंतर सांगितलं. ते दारात उभे राहून सरळ म्हणाले होते, "दत्ता, पोरीला बेड मिळाला म्हणं लातूरला. कशी हाय आता?" दत्ताचं तोंड पांढरं पडलं. त्याची आई पुढे आली. "कुणाची पोरगी? आमची तर मामाच्या गावाला गेलीय." आणि तेवढ्यात आतल्या पडद्यामागून आवाज आला – "आई, पाणी."

तिसरा दिवस होता. मुलीचा श्वास जोरात चालला होता. गावात कळलं तर सगळ्यांना शाळेत नेऊन कोंडतील, दुकानावर कुणी फिरकणार नाही, म्हणून तिला आत ठेवलं होतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. शेजाऱ्यांनाही नाही. म्हणूनच पेपरला कळलं म्हटल्यावर दत्ता खचला.

मी दोन्ही मोबाइल स्पीकरवर टाकले आणि समोरासमोर धरले. नांदेडच्या त्या रिकाम्या कार्यालयात लातूरचा डॉक्टर आणि जळकोट तालुक्यातलं एक घर एकमेकांशी बोलत होतं.

"अप्पा, पेपरात नाव नका टाकू. पाया पडतो तुमच्या."

"आरं, पेपर गेला खड्ड्यात! पोरीचा श्वास बघ. डॉक्टर काय म्हणतेत ते ऐक."

"तोंडाला वास येतोय का तिच्या?" डॉक्टरांनी विचारलं. "पिकल्या फळासारखा?"

पडदा सरकल्याचा आवाज आला. मग दत्ता म्हणाला, "हाव... पेरूवानी."

"पाणी किती पिते?"

"घागर पुरत न्हाई, साहेब. अन् लघवीला सारखं. वाळून गेलीय पार."

"हा कोरोना नाही. साखर वाढलीय. उद्यावर टाकू नका. निघा."

"वाटंत पोलीस..."

"मी हाय ना," अप्पा म्हणाले. "पोरगी उचल."

अप्पांच्या मेहुण्याच्या भाजीच्या पिकअपमधून ते उदगीरमार्गे निघाले. आठ वाजून चाळीस मिनिटांनी लातूरला पोचले. कुलूप डॉक्टरांनी स्वतः काढलं. साखर मोजायच्या यंत्राने आकडा दाखवला नाही. फार जास्त असली की ते दाखवत नाही. बाकीच्या बेडचे मॉनिटर कोविड वॉर्डात नेले होते. एकाच बेडचा भिंतीत पक्का बसवलेला म्हणून राहिला होता, म्हणून मुलीला तिथे घेतलं. तो बेड तीन होता. बेडचा नंबर मी तोवर कुणालाच सांगितला नव्हता.

अजून काही तास गेले असते तर मूल हाती लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

नंतर मी जमेल ते तपासलं. मोबाइल कंपनीकडून तपशीलवार बिल मागवलं. कुलूप लागल्यापासून ते निघेपर्यंत त्या नंबरवर माझे नऊ कॉल आहेत, सगळे उचललेले. मंगळवारचा चार मिनिटं दहा सेकंदांचा. वॉर्डातला फोन दुसरीकडे वळवलेला नव्हता. टेलिफोनच्या माणसाने येऊन बघितलं. त्या लाइनवर दुसरं यंत्र नव्हतं. सुनीता सिस्टर ते नऊ दिवस कंधारला होत्या. त्या वॉर्डात आजवर काम केलेल्या सगळ्या सिस्टरांची चौकशी केली. सगळ्या हयात आहेत. चौघींशी मी बोललो, आवाज एकीचाही नव्हता. वॉर्डात कुणी दगावलेली बाई? डॉक्टर म्हणाले, हा मुलांचा वॉर्ड आहे. कुलूप काढलं तेव्हा फोनच्या टेबलाजवळ खुर्चीही नव्हती. खुर्च्या पहिल्याच दिवशी खाली नेल्या होत्या.

योगायोग म्हणावं तर एवढे तपशील जुळत नाहीत. माझ्या मनाचा खेळ म्हणावं, तर वहीतली नोंद पाचची आहे आणि अप्पा दत्ताच्या घरी पोचले साडेपाचला. सहा वर्षं झाली. मला उत्तर सापडलेलं नाही. मुलगी अकराव्या दिवशी घरी गेली. आता तेरा वर्षांची आहे, इन्सुलिन स्वतः टोचून घेते. अप्पांच्या गाडीचं पंक्चर दत्ता फुकट काढून देतो. अप्पांच्या मते ट्यूब तरीही फाडतोच.

एक नोंद राहिली. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, पाच वाजून पाच मिनिटांनी मी त्याच नंबरवर फोन केला. कोविड वॉर्डातून परत बोलावलेल्या एका तरुण सिस्टरने उचलला. मी आकडा विचारला.

"एक," ती म्हणाली. "जळकोटची मुलगी. शुद्धीवर हाय. पाणी मागतेय."

मी लिहून घेतलं. फोन ठेवला नाही. त्या दिवशीही मी जेवलो नव्हतो.

"अजून काही पाहिजे का, सर?"

"नाही," मी म्हणालो.

बिलावर तो कॉल अडतीस सेकंदांचा आहे.